पालेभाजीची शेती वर्षानुवर्षं टिकवायची तर नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं?

मातीतला

पालेभाजी म्हणजे कमी दिवसांचं, कमी भांडवलाचं पीक, आज पेरा आणि महिन्या-दीड महिन्यात कापा, असं नेहमी ऐकू येतं. आहेच तसं. पण हेच पीक त्याच जमिनीवर सलग बरीच वर्षं चालवणारे लोक फार थोडे दिसतात. सुरुवात जोरात होते, मग उतारा हळूहळू घसरतो, मग खत वाढवतात, फवारणी वाढवतात आणि एक दिवस कंटाळून सोडून देतात. असं का होतं यावर सविस्तर बोलूया म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. पालेभाजीची शेती टिकते की नाही हे उभ्या पिकावर ठरत नाही, दोन पिकांच्या मधे जमिनीला काय मिळतं त्यावर ठरतं. आणि नेमका तोच मधला काळ कुणी ठेवत नाही, सकाळी कापणी झाली की संध्याकाळी वाफा परत पेरून मोकळे.

आता असं बघा, धान्याचं पीक पिकून वाळेपर्यंत शेतात उभं असतं, शेवटी शेवटी त्याची नत्राची भूक संपलेली असते. पालक किंवा लेट्यूस आपण ऐन वाढीत कापतो. म्हणजे कापणीच्या दिवशीसुद्धा मातीत भरपूर नत्र असावं लागतं, नाहीतर पान पिवळट निघतं आणि कुणी घेत नाही. मग पीक निघालं की ते उरलेलं नत्र कुठे जाणार? लेट्यूसची बहुतेक मुळं वरच्या ३० सेंटीमीटरमध्येच असतात, पुढचं पाणी सोडलं की नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, त्या थराच्या खाली उतरतं आणि शेवटी विहिरीत, बोअरमध्ये जातं. परत पेरलं की परत युरिया, ज्यात ४६ टक्के नत्र असतं, आणि वर्षात हे चक्र कितीतरी वेळा फिरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात लेट्यूस आणि पालक प्रचंड पिकतो, तिथे भूजलातलं नायट्रेट हा किती मोठा प्रश्न झालाय ते सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत राहणाऱ्या कर्बाची. इतर पिकांत निदान धसकटं तरी राहतात, मेथी-कोथिंबीर आपण मुळासकट उपटतो. जमिनीत परत काहीच जात नाही, वर दर फेरीला माती उकरायची, ती उघडी पडते, तापते आणि कर्ब उडून जातो. हे एका हंगामात दिसत नाही म्हणून लोक गाफील राहतात. मग पाणी दिलं की वाफ्याला पपडी धरते, बी वर येत नाही, आणि दोष बियाण्याला जातो.

रानजाई

चांगला धागा. मातीचं सगळं पटलं पण मला नाही वाटत लोक मातीमुळे सोडतात. लोक सोडतात ते थकून सोडतात आणि विकता येत नाही म्हणून सोडतात.

पालेभाजी थांबवून ठेवता येत नाही हो. भाव पडला तर कांदा चाळीत टाकता येतो, धान्य पोत्यात राहतं, पण कापायला आलेला पालक चार दिवस उभा ठेवला तर पान जाड होतं, दांडे निघतात, मेथी फुलावर येते. त्यामुळे ज्या दिवशी कापायचं त्या दिवशी मिळेल तो भाव घ्यायचा, दुसरा रस्ताच नाही. पालक ० अंश तापमान आणि ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता मिळाली तरच १० ते १४ दिवस राहतो, ती सोय छोट्या शेतकऱ्याकडे कुठली असायला? ताटात यायच्या आत जे वाया जातं ते वेगळंच. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) २०१९ च्या अहवालात काढणीनंतर किरकोळ विक्रीपर्यंत न पोचताच फळं-भाज्यांचं जवळजवळ २२ टक्के नुकसान होतं असं दिलंय, आणि त्यात पालेभाजी सगळ्यात नाजूक. तेवढं पाणी, तेवढं खत, तेवढी मेहनत सगळी फुकट. मग टिकाऊपणा मोजताना तो मातीपुरताच का मोजायचा?

आणि मजुरीचं तर कुणी बोलतच नाही. खुरपणी, विरळणी, कापणी, निवडणं, धुणं, जुड्या बांधणं, हे सगळं हाताने आणि उकिडवं बसून, आणि बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. पहाटे अंधारात सुरू होतं. ज्या घरात हे काम मुलाबाळांनी बघितलंय त्यांची पुढची पिढी यात यायला तयार नसते, आणि माणूसच उरला नाही तर जमिनीचा कर्ब कितीही वाढवा, पेरणार कोण?

मातीतला

रानजाई ताई, मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि मजुरीचं तुम्ही मांडलंत ते बरं झालं. फक्त एवढंच म्हणेन की हे दोन्ही जोडलेलं आहे. माती बसकी झाली की तण वाढतं, उगवण विरळ होते, एका जुडीसाठी दुप्पट वाफा निवडावा लागतो. मजुरीचे तास तिथेच वाढतात.

पाटपाणी

पाण्याबद्दल लिहितो. पालकात साधारण ९१ टक्के आणि लेट्यूसमध्ये ९५ टक्के पाणीच असतं, त्यात मुळं उथळ, म्हणजे ताण अजिबात सहन होत नाही, थोडं थोडं पण वारंवार पाणी लागतं. पाट सोडून वाफे भरून घेतले तर अर्धं पाणी मुळांच्या खालीच जातं आणि जाताना मातीतला म्हणतायत ते नायट्रेट सोबत घेऊन जातं. म्हणजे पाणी वाचवणं आणि खत वाचवणं ही दोन कामं नाहीतच, एकच आहे. मी तर म्हणेन खताचा डोस ठरवायच्या आधी पाण्याची पाळी ठरवा.

तुषार सिंचन उगवणीपर्यंत उत्तम, वाफा एकसारखा भिजतो. पण पीक दाट झाल्यावर संध्याकाळी तुषार चालवला की पान रात्रभर ओलं राहतं आणि केवडा, म्हणजे पानावरचा बुरशीसारखा रोग, आलाच म्हणून समजा. चालवायचा तर सकाळी, ऊन चढायच्या आत पान सुकलं पाहिजे. ठिबकच्या नळ्या जवळ जवळ टाकल्या तर दाट पेरणीतही चालतं, खर्च जास्त आहे पण पान कोरडं राहतं.

पाण्याचा दर्जाही बघा. लेट्यूसला मातीच्या अर्काची विद्युत वाहकता (खारटपणाचं माप) १.३ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पन्न घटायला लागतं, पालकाला २.० पर्यंत चालतं. बोअरचं पाणी दर वर्षी खारट होत चाललं असेल तर पीक निवडतानाच विचार करा. आणि सांडपाण्यावर पालेभाजी, हे शहरांच्या कडेने जगभर चालतं कारण ते पाणी बारमाही आणि त्यात खतही असतं. पण कॅडमियमसारखे जड धातू पानांत साठतात, शेंगेत किंवा फळात तेवढे जात नाहीत, आणि एकदा मातीत बसले की काढता येत नाहीत. तिथे पालेभाजी नकोच, फुलझाडं करा.

नवीकोरी

वाचते आहे, खूप शिकायला मिळतंय. एक विचारू का, मी पालक काढल्यावर त्या वाफ्यात लाल माठ घेते आणि मग परत पालक. बाजूच्या वाफ्यात कोथिंबीर झाली की शेपू. म्हणजे फेरपालट होतेय ना? तरी पालकाची रोपं लहान असतानाच कोलमडतात.

मातीतला

नवीकोरी, हा प्रश्न फार जणांना पडायला हवा पण पडत नाही. पालक आणि माठ एकाच कुळातले, बीट पण त्यातलंच. कोथिंबीर आणि शेपू एका कुळातले, गाजरही त्यांच्यातच. त्यामुळे दिसायला भाजी बदलली तरी मातीतल्या बुरशीला आणि सूत्रकृमीला (मुळांवर जगणारे बारीक कृमी) फारसा फरक पडत नाही, त्यांचं जेवण चालूच राहतं.

पालकानंतर मेथी घ्या. मेथी कडधान्याच्या कुळातली, मुळांवर गाठी येतात, हवेतलं नत्र बांधते. मग मुळा किंवा मोहरी, ते तिसरं कुळ. मग कोथिंबीर. पालक परत त्याच वाफ्यात यायला जेवढा वेळ लागेल तेवढा चांगला. फक्त मेथीने नत्र मिळतं म्हणून फार आशा ठेवू नका, महिनाभरात मुळासकट उपटली तर जमिनीत राहतंच किती? मुळं राहू द्यायची असतील तर कापून घ्या, उपटू नका.

रोपं कोलमडतात ती पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींमुळे. पेरणी दाट, माती चिकट आणि पाणी साचलेलं असं तिन्ही जमलं की होतंच. गादीवाफा करा, बी विरळ टाका, ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून वापरा. कडक उन्हाचे महिने मिळत असतील तर वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून ४ ते ६ आठवडे ठेवा. वरच्या थरातली बुरशी आणि तणाचं बी दोन्ही बरंच कमी होतं.

नवीकोरी

बापरे, कुळाचं कधी लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद दादा, आता वहीत कुळानुसार मांडून ठेवते.

हिरवाकंच

किडीवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वांग्या-टोमॅटोत कीड पानावर आली तरी फळ विकता येतं. इथे पान हाच माल. नागअळीची एक रेघ दिसली की जुडी बाजूला काढतात. त्यामुळे शेतकरी घाबरून फवारतो, आणि पीक एवढं कमी दिवसांचं की फवारणी आणि काढणी यात जे दिवस ठेवायला सांगितलेले असतात ते बसतच नाहीत. पानाचं क्षेत्रफळ मोठं, साल काढायची सोय नाही, जे मारलं ते थेट पोटात. हे मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण आपण हे मुलांना खाऊ घालतो.

उपाय पेरायच्या आधीचेच करावे लागतात. ४० ते ५० मेशची (इंचाला तेवढी भोकं) जाळी बी टाकल्या दिवसापासून, कापणी झालेल्या वाफ्यातला पालापाचोळा तिथेच न ठेवणं, पिवळे चिकट सापळे, आणि कडेने झेंडू, बडीशेप असं काही फुलणारं, म्हणजे माव्यावर जगणारे मित्रकीटक तिथे राहतात. फवारायचंच झालं तर निंबोळी अर्क किंवा बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध), तेही लेबलवर त्या पिकाचं नाव असेल तर.

आणि फक्त रोगप्रतिकारक वाणावर विसंबू नका. पालकावर केवडा आणणाऱ्या रोगजंतूच्या आत्तापर्यंत १९ पेक्षा जास्त जाती नोंदल्या गेल्यात. नवीन प्रतिकारक वाण आलं, सगळ्यांनी तेच लावलं, की थोड्या वर्षांत ते मोडणारी नवी जात येतेच. सघन शेती जेवढी जास्त तेवढं हे लवकर होतं. दोन-तीन वाणं मिसळून लावणं जास्त टिकतं.

कौलारू

यावरून एक सांगावंसं वाटतं, थोडं अवांतर होईल. २००६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालकातून ई कोलाय ओ१५७ हा पोटाच्या आजाराचा जंतू पसरला होता, २६ राज्यांत जवळपास २०० माणसं आजारी पडली, त्यात मृत्यूही झाले. त्यानंतर पालेभाजी घेणाऱ्या मोठ्या खरेदीदारांनी शेतकऱ्यांवर दबाव आणला की शेताच्या कडेची झुडपं, गवत सगळं काढा, तिथे प्राणी राहतात. शेतकऱ्यांनी बांध अक्षरशः बोडके केले. पुढे २०१५ मध्ये त्याच भागातल्या अनेक वर्षांच्या नमुन्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की झाडोरा काढल्याने जंतू कमी झालेच नव्हते, उलट जिथे काढला तिथे वाढलेले. म्हणजे मित्रकीटक गेले, बांधाची माती गेली, आणि अन्नसुरक्षा पण मिळाली नाही. नियम करणाऱ्यांनी शेतात येऊन बघायला हवं ते यासाठी. खरी काळजी घ्यायची ती पाण्याची, कच्च्या शेणाची आणि धुवायच्या हौदाची. कच्चं शेण पालेभाजीला कधीच नको, पूर्ण कुजवूनच.

रानजाई

कौलारू, हे माहीत नव्हतं. धुवायच्या हौदाचं तर अगदी खरं, एकाच पाण्यात दिवसभर जुड्या बुडवतात, पहिल्या जुडीची घाण शेवटच्या जुडीपर्यंत जाते.

डिजिटल_वाफा

मला वाटतं या सगळ्याचं उत्तर हायड्रोपोनिक्स किंवा व्हर्टिकल फार्मिंग आहे. माती नाही, कीड कमी, पाणी फिरतं राहतं, शहरातच पिकवा म्हणजे वाहतूक नाही. पुढची शेती तीच असणार.

पाटपाणी

पाण्याचं बरोबर आहे. २०१५ च्या एका अभ्यासात अॅरिझोनातल्या लेट्यूसची तुलना केली होती, हायड्रोपोनिक्समध्ये पाणी १३ पट कमी आणि उत्पन्न ११ पट जास्त. पण त्याच अभ्यासात किलोमागे ऊर्जा ८२ पट जास्त लागली हेही बघा, आणि ती मुख्यतः काचगृह तापवायला-थंड ठेवायला. पूर्ण बंद खोलीत दिव्यांवर करायचं तर दिव्यांची वीज आणखी वेगळी. सूर्य फुकट मिळतो तो सोडून वीज विकत घ्यायची आणि तिने पालक वाढवायचा, हे परवडायला विकत घेणाराही तसाच लागतो. बऱ्याच व्हर्टिकल कंपन्या गेल्या काही वर्षांत अडचणीत आल्या त्या याच खर्चामुळे. मधला मार्ग आहे की, साधं शेडनेट, गादीवाफे, ठिबक. ते कुणालाही झेपतं.

बांधावरची

इतका वेळ वाचत होते, एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. जमीन कुणाची आहे?

पालेभाजी बहुतेक शहरांच्या कडेला पिकते कारण माल लवकर पोचवायचा असतो. शहराच्या कडेची जमीन म्हणजे आज ना उद्या प्लॉट. बरेच जण खंडाने करतात, तेही एक एक वर्षाच्या बोलीवर. आता पुढच्या वर्षी ही जमीन आपल्याकडे असेल की नाही हेच माहीत नाही त्या माणसाला तुम्ही सांगताय फेरपालट करा, कर्ब वाढवा. तो कशाला करेल? त्याने केलेल्या कष्टाचा फायदा मालकाला किंवा बिल्डरला. तो युरियाच टाकणार आणि जेवढ्या फेऱ्या निघतील तेवढ्या काढणार, त्याच्या जागी कुणीही तेच करेल. मला तर वाटतं पाच वर्षांचा लेखी खंड मिळाला तर अर्ध्या गोष्टी आपोआप सुधारतील, कुणी शिकवायला नको. ज्या शहरांना ताजी भाजी हवी त्यांनी कडेची थोडी जमीन शेतीसाठी राखूनच ठेवायला हवी.

मातीतला

बांधावरची, हे वाचून थांबलो थोडा. मी धागा काढताना मधल्या काळाबद्दल लिहिलं, पण तो मधला काळ देणं कुणाच्या हातात आहे हा प्रश्न तुम्ही विचारलात. वाफा रिकामा ठेवायला आधी त्यावर हक्क असायला लागतो. पूर्ण सहमत.

सावलीतला

उन्हाळ्याचं विचारायचं होतं. तापमान वाढत चाललंय, कोथिंबीर आणि पालक दरवर्षी लवकर दांड्यावर येतात. काय करता सगळे?

हिरवाकंच

पालक, कोथिंबीर, लेट्यूस ही मुळात थंडीची पिकं. दिवस मोठा आणि ऊन कडक झालं की फुलोऱ्यात जाणारच, आणि ३० अंशांच्या वर पालकाची उगवणही खूप घटते. ३५ ते ५० टक्के शेडनेटने थोडे दिवस मिळतात. पण त्यांच्याशी भांडत बसण्यापेक्षा उन्हाळ्यात माठ, राजगिरा घ्या. त्यांचं प्रकाशसंश्लेषण मका-ज्वारीसारखं असतं, उष्णतेत जोमाने वाढतात आणि तेवढ्याच पाण्यात जास्त पाला देतात. मायाळू, अंबाडी, चवळीची पानं पण आहेत. शेवगा तर एकदा लावला की वर्षानुवर्षं पाला देतो, माती उकरायचीच नाही. वर्षभर पालकच हवा हा गिऱ्हाइकाचा हट्ट पुरवायला आपण पाणी, सावली, फवारणी सगळं वाढवत बसतो. गिऱ्हाइकाला ऋतूप्रमाणे खायची सवय लावायला हवी, आणि ते आपण विकणाऱ्यांनीच बोलून करायचं.

रानजाई

हे मी करते. माठाच्या जुडीसोबत कशी करायची ते सांगते, लोक घेतात. सांगावं मात्र लागतं.

एक शंका. पानातलं नायट्रेट दुपारनंतर कमी असतं म्हणून संध्याकाळी कापा असं वाचलंय. पण कापणी तर पहाटे करतात, पान थंड असतं म्हणून. मग काय करायचं?

मातीतला

दोन्ही खरं आहे. पानातलं नायट्रेट वापरलं जायला उजेड लागतो, त्यामुळे रात्रभरात ते साठतं आणि दिवसा उतरतं. युरोपात ताज्या पालकाला किलोमागे ३५०० मिलिग्रॅम अशी मर्यादाच घातलेली आहे. पण दुपारी तापलेलं पान कापलं तर श्वसन जोरात चालू असतं आणि माल लगेच मलूल होतो. थंड करायची सोय नसेल तर पहाटेच कापा, फक्त शेवटच्या आठवड्यात युरिया देऊ नका, आणि आभाळ सलग ढगाळ असेल तर आणखी हात आखडता घ्या. सोय असेल तर ऊन उतरल्यावर कापून रात्री थंडाव्यात ठेवा.

नवीकोरी

दादा, शेवटचं एक. वाफे कुळानुसार मांडले. चारपैकी एक वाफा भाजीपासून मोकळा सोडायचं ठरवलंय, त्यात हिरवळीच्या खतासाठी ताग टाकते. कधी गाडायचा आणि लगेच पालक पेरला तर चालेल का?

मातीतला

फुलायला लागला की, साधारण ४५ ते ५० दिवसांनी. त्यानंतर थांबलात तर खोड वाखासारखं चिवट होतं, कुजायला वेळ लागतो. बारीक तुकडे करून मिसळा, ओल ठेवा. पालक लगेच नको, हिरवा पाला कुजत असताना कोवळी रोपं कोलमडायचा धोका सगळ्यात जास्त असतो. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, माती उकरून वास घ्या, आंबूस येत असेल तर आणखी थांबा. सूत्रकृमीच्या गाठी मुळांवर दिसल्या असतील तर ताग त्यावरही उपयोगी पडतो, म्हणून आत्ता पालक उपटाल तेव्हा मुळं धुवून बघा आणि काय दिसतं ते इथे लिहा.